मी महिनाभर हेडक्लार्क होतो

मी शर्ट बोलतोय. पूर्वी मला बोलता येत नसे. कॉलर इतकी ताठ असायची की शब्द आतल्या आत अडकून राहायचे. आता मी मऊ झालोय, जागोजाग विरलोय, एक बाही नाही, बटणं तर केव्हाच दुसऱ्यांच्या छातीवर गेली. तेव्हा वेळ असेल तर बसा आणि ऐका. मला स्वतःला बसणं आणि उठणं किती महागात पडलं, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म सोलापूरचा, साल चौतीस. ज्या गिरणीत माझं कापड विणलं, त्याच गिरणीच्या ऑफिसात पुढं मला खुर्ची मिळाली. एवढी बढती माझ्या ताग्यातल्या दुसऱ्या कुणाला मिळाली नाही. माझी सख्खी भावंडं उशांचे अभ्रे झाली.

नवी पेठेतल्या दुकानातून मला शिवशरण नावाच्या कारकुनानं विकत घेतलं. गिरणीच्या ऑफिसात तो कामगारांची हजेरी लिहायचा. अक्षर मोत्यासारखं, आवाज मात्र इतका हळू की हजेरीचं पुस्तक मिटल्याचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा वाटे. घरात तीन माणसं. तो, त्याची आई निंगव्वा आणि बायको चंद्रव्वा.

चंद्रव्वा मैंदर्गीची. माहेराहून येताना तिनं दोन गोष्टी आणल्या: एक पितळी तांब्या आणि सोमवारचा उपास. दोन्ही तिनं कधी खाली ठेवले नाहीत. सोमवारी त्या तांब्यातून ती सिद्धेश्वराला पाणी घालायची आणि मंगळवारी त्याच तांब्यात निखारे भरून मला इस्त्री करायची. तांब्याची याला काही तक्रार नव्हती. तो म्हणायचा, "सोमवारी गार, मंगळवारी गरम. तब्येत चांगली राहते."

घरची धुलाई म्हणजे अशी: रिठ्याच्या पाण्यात भिजवायचं, विहिरीवरच्या दगडावर हलक्या हातानं आपटायचं, भाताच्या पेजेत बुडवून वाळत टाकायचं. मग तांब्याची इस्त्री. तांब्या गोल आणि मी सपाट, त्यामुळं माझ्या पाठीवर चंद्राच्या कला उमटायच्या. शेवटी चार घड्या करून मला निंगव्वाच्या गादीखाली सारायचे. निंगव्वा दुपारी जेवून दोन तास पडायची आणि उठताना म्हणायची, "घ्या, झाली इस्त्री." अंगानं ती भरलेली होती. तिच्याइतकी कडक घडी पुढं मला कुणी घातली नाही.

पण ऑफिसात शिवशरणच्या शेजारी श्रीमंत नावाचा कारकून बसायचा. नाव श्रीमंत आणि जिभेनंही तसाच.

"शिवशरण, पाठीवर भाकरी थापून आलास काय रे?"

शिवशरण हजेरीचं पान उलटायचा.

"आणि ही कॉलर बघा. म्हशीचा कान बरा, माशी बसली तर हलतो तरी."

सगळं ऑफिस हसायचं. शिवशरणही थोडा हसायचा, म्हणजे वाईट वाटल्याचं कुणाला कळू नये. मी त्याच्या अंगावरच असल्यामुळं मला कळायचं.

त्यातच ऑफिसचे जुने हेडक्लार्क नोकरी सोडून घरी बसले, आणि मुंबईहून नवा मॅनेजरसाहेब आला. या साहेबाची एक सवय होती. तो माणसाच्या चेहऱ्याकडं कधी बघत नसे. त्याची नजर कॉलरपर्यंत यायची आणि तिथंच थांबायची. कॉलर बघूनच तो माणसं ओळखायचा. "ती पिवळट कॉलर कुठंय? तिला आत पाठवा," असं शिपायाला सांगायचा. त्यानं सगळ्यांना कळवलं होतं की येत्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अकरा वाजता ऑफिसात फेरी मारून मी नवा हेडक्लार्क निवडीन.

बारा वर्षं हजेरी लिहून शिवशरणचा हक्क होता. पण साहेबाला हक्क दिसेल तो कॉलरीतच, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मला पिशवीत घातलं आणि नवी पेठेत चनमल्लप्पाच्या लॉन्ड्रीत नेऊन टाकलं.

लॉन्ड्री म्हणजे काय, ते मी तिथं पाहिलं. काचेचं कपाट, दहा शेरांची कोळशाची इस्त्री, निळीची पिंपं. चनमल्लप्पानं माझ्या कॉलरीच्या आत खूण म्हणून बिब्याचे तीन ठिपके दिले. ठिपके दिले की कपड्याला स्वतःचं घर राहत नाही. शेजारी टांगलेल्या एका रेशमी कोटानं मला पहिल्याच दिवशी विचारलं, "नवीन दिसता. लग्नाला की बारशाला?"

मला समजलं नाही. दुसऱ्या दिवशी समजलं. मला कडक इस्त्री झाली, आणि कुणी एक अनोळखी तरुण मला भाड्यानं अंगात घालून लग्नाला घेऊन गेला. आठ दिवसांत मी दोन लग्नं आणि एक साखरपुडा पाहिला. तीन वेगवेगळ्या छात्यांवर. एकाला सर्दी झाली होती.

रविवारी शिवशरण मला घरी घेऊन आला. मी कागदासारखा पांढरा, कडा सुरीसारख्या. त्याचा चेहरा उजळला. तेवढ्यात चंद्रव्वानं मला उलटून पाहिलं. बाहीच्या आत हळदीचा डाग होता आणि खिशात अर्धी सुपारी.

"अहो, हा शर्ट जेवून आलाय."

"म्हणजे?"

"लग्नात जेवलाय. मागच्या सोमवारी तर जेवला नसेल ना?"

सोमवारीच जेवलो होतो. जिलेबी होती. पण मला सांगायची सोय नव्हती.

शिवशरण मला घेऊन तसाच माघारी गेला. चनमल्लप्पा इस्त्रीवर फुंकर घालत होता. "चनमल्लप्पा, माझा शर्ट लग्नाला गेला होता?"

"गेला असंल की. मग काय वाईट झालं? चार माणसांत वावरला म्हणजे कपड्याला वळण लागतं, अण्णा. घरात बसून कुणाचं भलं झालंय? आणि डागाचं म्हणाल, तर हळदीचा डाग शुभ असतो."

"परवा मला साहेबापुढं उभं राहायचंय."

"मग ठेवून जावा. बुधवारी देतो."

फेरी मंगळवारी होती. शिवशरण मला घेऊन परत घरी आला आणि खाटेच्या कडेवर बसून राहिला. चंद्रव्वा म्हणाली, "द्या इकडं. मी धुते. माझा उपास आणि तुमचा शर्ट एकाच हातानं होऊ द्या. बघा, चांगलंच होईल."

ती नेहमी असंच म्हणायची, चांगलंच होईल. आणि होईपर्यंत हात चालू ठेवायची.

आता नीट ऐका, कारण इथंच एक चूक झाली आणि अशी चूक तिच्याच घरात होऊ शकते. धुतला मला सोमवारी. डाग उन्हात लिंबू लावून काढला. खळ करायची तर भाताची पेज हवी, आणि सोमवारी त्या घरात भात शिजत नसे. नुसतं दूध तापायचं. धान्य नाही, पीठ नाही. रविवारची पेज निंगव्वानं म्हशीला घातली होती. मी दोरीवर ओला लटकत होतो आणि चंद्रव्वा रिकाम्या पातेल्याकडं बघत होती.

पलीकडच्या आळीत म्हाळसाबाई घोंगड्या विणायची. तिच्या अंगणात चिंचोक्याच्या खळीची कढई कायम रटरटत असे. घोंगडीला ती खळ कुंच्यानं फासली की घोंगडी फळीसारखी व्हायची. नवी घोंगडी विकताना म्हाळसाबाई ती गिऱ्हाइकापुढं उभी करून दाखवायची, आणि ती खरंच उभी राहायची.

चंद्रव्वा वाटी घेऊन गेली. "म्हाळसाबाई, जराशी खळ द्याल? शर्टाला लावायचीय."

"शर्टाला? अगं बया, ही लोकरीची खळ हाय."

"खळ ती खळ. उपासाला चिंचोके चालतात ना?"

"उपासाचं मला काय इचारतीस? पर थोडी लाव, चंद्राक्का. चार बोटं. लई लावलीस तर त्यो शर्ट तुजं ऐकायचा न्हाय."

पण चंद्रव्वाला साहेबाची कॉलर दिसत होती. तिनं वाटी पालथी केली. सोलापूरचं ऊन असं की मी घटकाभरात वाळलो. मग माहेरच्या तांब्यात दुधाखालचे निखारे भरले आणि तिनं माझ्यावरून हात फिरवला. एक फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला माझ्या आत काहीतरी सरळ झालं. तिनं मला उचलून जमिनीवर ठेवलं आणि हात काढला. मी उभा राहिलो.

निंगव्वा माळ ओढत होती. तिनं मला वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, "अगं, आला का तो? मग जेवायला वाढ की."

"अत्याबाई, हा शर्ट आहे."

"असं होय. उंच दिसला म्हणून म्हटलं."

संध्याकाळी चंद्रव्वा मला काखेत फळीसारखं घेऊन सिद्धेश्वराच्या देवळात गेली. तळ्याकाठच्या वाटेवर लोक बाजूला होत होते. गाभाऱ्यापुढं तिनं नवस केला. नवऱ्याला हेडक्लार्क कर देवा, मी गावाभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना अनवाणी जाऊन येईन. पण नवऱ्याचं नाव घेण्याची तिच्याकडं रीत नव्हती. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. तेव्हा कुणासाठी मागतेय हे देवाला कळावं म्हणून तिनं काय केलं, तर मला दोन्ही हातांनी वर धरलं आणि म्हणाली, "ह्यांच्यासाठी मागतेय देवा. नीट बघून घे."

देवानं नीट बघून घेतलं. त्यानं मला पाहिलं.

मंगळवारी सकाळी शिवशरण माझ्यात शिरला. शिरला म्हणजे खालून, वाकून, एखाद्या ठेंगण्या दारातून आत जावं तसा. हात बाह्यांत गेले आणि तिथंच राहिले. कोपरं वाकेनात. टांग्यात बसता येईना, तो गिरणीपर्यंत चालत गेला. वाटेत त्याला रामराम घालणाऱ्यांना त्यानं उत्तर दिलं नाही, कारण हात वर जात नव्हता. लोक म्हणाले, हा आतापासूनच हेडक्लार्क झाला.

ऑफिसात पोहोचल्यावर लिहिता येईना. हजेरीचा कागद अकराच्या आत पुरा करायचा होता. शिवशरणनं इकडंतिकडं पाहिलं, खुर्चीवर चढून उभा राहिला, आणि माझ्यातून खाली सरकून बाहेर आला. मी खुर्चीवर तसाच ताठ. ऑफिसला घालायचा कोट माझ्यावर होताच. त्यानं टोपी काढून कॉलरीवर टेकवली, म्हणजे खाली पडू नये, आणि तो बंडी-धोतरावर कपाटामागं जमिनीवर बसून भराभर लिहू लागला.

दहा मिनिटं आधीच साहेब आला.

श्रीमंत कमरेत वाकला. बाकीचे वाकले. सगळ्या कॉलरी खाली गेल्या. एकटी माझी सरळ राहिली. साहेब माझ्यापुढं थांबला. त्याची नजर कॉलरीला आली आणि तिथं बराच वेळ राहिली.

"हजेरी तयार आहे?"

कपाटामागून एक हात आला आणि कागद टेबलावर ठेवून परत गेला. साहेबानं कागद पाहिला. अक्षर मोत्यासारखं.

"ऑफिसात आळशी कोण आहे? नाव सांगा."

मी काही बोललो नाही.

"चहाडी करत नाही," साहेब म्हणाला. "वाकत नाही. बोलत नाही. मुंबईत मी असा कारकून शोधत होतो. आजपासून हा हेडक्लार्क. महिनाभर काम बघतो, पहिल्या तारखेला पक्का कागद देतो."

कपाटामागं शिवशरणनं तोंडावर हात दाबला. बंडीवर असा बाहेर कसा येणार? आणि आला असता तरी साहेबानं वर पाहिलं असतं, असं काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरा, पेजेचा साधा शर्ट घातला आणि खुर्चीवर जाऊन बसला. साहेब थबकला. "ही भाकरीवाली कॉलर इथं का बसलीय? माझा हेडक्लार्क कुठं आहे?" शिवशरण धावत घरी आला आणि मला घेऊन गेला.

तेव्हापासून रोज असंच. तो मला काखेत नेऊन खुर्चीवर उभा करायचा, टोपी ठेवायचा आणि कपाटामागं जाऊन काम करायचा. मला धुवायची सोय नव्हती, कारण धुतलो असतो तर खळ गेली असती. पण आत माणूसच नव्हता, तेव्हा मळणार कशानं?

खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं. श्रीमंतसुद्धा माझ्यापुढं येऊन हळू बोलायचा. "साहेब, परवाची रजा..." मी गप्प. तो म्हणायचा, "नाही, नाही. बरोबर आहे तुमचं. नको रजा." माझ्या गप्प बसण्यानं ऑफिसात शिस्त आली, असं सगळे म्हणायचे. शिवशरण बारा वर्षं गप्प बसला, त्यानं काही आलं नव्हतं.

घरीही पालट झाला. शिवशरण मला पाटावर ठेवायचा आणि आपण खाली बसायचा. दार उघडायचं झालं तर आधी माझ्याकडं बघायचा. बोलणं आणखी हळू झालं, मग खुणेवर आलं. निंगव्वा माझ्या कॉलरीला विभूती लावायची. एकदा तिनं सुनेला विचारलं, "चंद्रव्वा, तुझा नवरा कुठला गं? पाटावरचा की पाटाखालचा? म्हातारपणी डोळ्यांना नीट दिसत नाही."

चंद्रव्वा हसली नाही. तिनं दोन ताटं वाढली. एक भरलेलं तसंच परत नेलं.

महिना संपायला दोन दिवस होते तेव्हा साहेब माझ्या टेबलाशी आला. "एक गोष्ट," तो म्हणाला. "त्या कपाटामागं एक बंडीतला माणूस बसलेला असतो. त्याला कॉलरच नाही. त्याचं काय काम आहे?"

मी काही बोललो नाही.

"तुम्हालाही माहीत नाही, म्हणजे काही नसणार. पहिल्या तारखेला मी तुमच्या कागदावर सही करतो, आणि त्याला काढून टाकू. चालेल?"

मी गप्प राहिलो. साहेबानं ते चालेल असं धरलं. माझ्या जन्मात मी जी पापं केली असतील, त्यांत हे एक मला अजून टोचतं. लग्नातली जिलेबी देवानं केव्हाच माफ केली असेल.

शिवशरणनं ते कपाटामागून ऐकलं होतं. घरी आल्यावर तो चंद्रव्वाला एवढंच म्हणाला, "त्याचं पक्कं होतंय."

"कुणाचं?"

त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

"आणि तुमचं?"

"माझं काही नाही. मी त्याला पोचवत जाईन की. रोज."

चंद्रव्वा तांब्यातली राख झाडायला बसली. मग तिच्या लक्षात आलं. ती उठली, निंगव्वापुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अत्याबाई, चूक माझी झाली. मी देवाला नाव सांगितलं नाही. शर्ट दाखवला. मी मागितलं तेच त्यानं दिलंय."

निंगव्वानं माळ थांबवली. "मग जाऊन सांग की नीट. देव काय परका आहे?"

"नाव घ्यावं लागेल."

"घे की. उखाण्यात घे."

"उखाणा सुचत नाही."

"मग नुसतं घे. माझ्याच पोराचं नाव आहे, मी कशाला रागावू?"

चंद्रव्वा म्हाळसाबाईकडं गेली. ही खळ जाते कशी, म्हणून विचारायला. म्हाळसाबाई लोकर विंचरत होती.

"एका पान्यात ही खळ जात न्हाय, चंद्राक्का. घोंगडीची कशी जाती ठावं हाय का? मानूस तिच्यात गुरफटून बसतो, ऊब लागती, मग सैल व्हती. आत मानूस पायजे. नुसती घोंगडी उभी ऱ्हाती, पर ती कुनाला पांघरता येत न्हाय."

"पण वेळ कुठं आहे? परवा पहिली तारीख."

"मग पानी घाल आन त्यालाच इचार सुटतोस का म्हनून. मी सांगितलंच हुतं, त्यो तुजं ऐकायचा न्हाय. इचारून तर बघ."

पहिल्या तारखेला चंद्रव्वानं पहाटे आंघोळ करून सिद्धेश्वराच्या तळ्यातून तांब्या भरून आणला. नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतला आणि निंगव्वाला बरोबर घेऊन ती गिरणीच्या ऑफिसात आली. तिथं आजवर बाईमाणूस आलं नव्हतं. शिपाई म्हणाला, "बाई, इकडं कुटं?" निंगव्वा म्हणाली, "हेडक्लार्कची आई आहे मी," आणि शिपाई बाजूला झाला. खोटं तर ती बोलली नव्हती.

मी खुर्चीवर होतो. साहेब समोर उभा, हातात कागद आणि टाक. श्रीमंत आणि बाकीचे वाकलेले. कपाटामागं शिवशरण शेवटची हजेरी लिहीत होता. त्या दिवशीसुद्धा त्यानं एक नाव गाळलं नव्हतं, स्वतःचं सोडून.

चंद्रव्वा माझ्यापुढं आली. साहेब गोंधळला. त्याच्यासमोर कॉलर नसलेली दोन माणसं होती आणि त्यांच्याशी काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

तिनं टोपी उचलून टेबलावर ठेवली. माझ्या कॉलरीवर, खांद्यांवर, तांब्यातलं पाणी हळूहळू ओतलं. जशी ती सोमवारी पिंडीवर ओतते, त्याच हातानं. मग मला कधी ऐकू न आलेल्या आवाजात, साध्या बोलण्यात, उखाणा नाही की काही नाही, ती म्हणाली, "देवा, मी मागितलं ते शिवशरणसाठी. माझा नवरा शिवशरण. तो कपाटामागं आहे."

तांब्या रिकामा झाला. म्हाळसाबाई खरं बोलली होती. एका पाण्यात ती खळ जात नाही. चिंचोका थोडा विरघळला, कोटावर ओघळ आले, पण माझी कॉलर तशीच उभी. साहेबाची नजर कॉलरीवर. टाक कागदावर टेकत होता. मी आणखी क्षणभर ताठ राहिलो असतो, तर आजही हेडक्लार्क असतो.

पण त्या नावाचा आवाज माझ्या कानाशी होता. बारा वर्षं हजेरी लिहिणाऱ्या माणसाची हजेरी पहिल्यांदाच कुणी घेत होतं. उरलेली खळ मी सोडली. कुणी काढली नाही, मीच सोडली. आधी कॉलर वाकली, मग खांदे उतरले, मग बाह्या मांडीवर येऊन पडल्या. मांड्या नव्हत्याच, म्हणून त्या खुर्चीवरून खाली लोंबल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी बसलो, आणि बसल्याबरोबर घसरून जमिनीवर पडलो.

आणि कपाटामागून, त्या माणसाला शोभणार नाही एवढ्या मोठ्या आवाजात उत्तर आलं, "हजर."

शिवशरण बाहेर आला. बंडी, धोतर, बोटांना शाई. तो खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. साहेबाची नजर नेहमीप्रमाणं कॉलरपर्यंत गेली. कॉलर नव्हती. नजरेला थांबायला जागाच मिळाली नाही, तेव्हा ती आणखी वर गेली आणि त्या साहेबानं, सोलापुरात आल्यापासून पहिल्यांदा, एक चेहरा पाहिला.

बराच वेळ पाहिला. मग टेबलावरचा कागद पाहिला, बोटांवरची शाई पाहिली.

"महिनाभर आजारी दिसत होतात तुम्ही," तो म्हणाला. "आज तोंडावर जरा रंग आलाय."

"होय साहेब."

"आणि तो कपाटामागचा बंडीतला माणूस?"

"तो गेला साहेब."

"बरं झालं," म्हणून साहेबानं सही केली. श्रीमंत वाकलेलाच होता. त्याला सरळ व्हायला कुणी सांगितलं नव्हतं. शिवशरणनं सांगितलं.

चंद्रव्वानं मला जमिनीवरून उचललं, पिळलं आणि पदराखाली घेऊन घरी आणलं. पुढच्या सोमवारपासून ती अडुसष्ट लिंगांना अनवाणी गेली. प्रत्येक ठिकाणी नवऱ्याचं नाव घेतलं, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. शेवटच्या लिंगापाशी पोचेपर्यंत तिला ते नाव घ्यायला आवडू लागलं होतं, असं तांब्या सांगत होता.

पुढं बरीच वर्षं मी शिवशरणच्या अंगावर गेलो. पेजेची खळ, हलकी इस्त्री, कोपरांना दुमड. घामानं विरलो, त्याचं मला काही वाटत नाही. घाम येतो म्हणजे आत कुणीतरी आहे.

आता मी कपडा राहिलो नाही. म्हाळसाबाईची जुनी घोंगडी पाटावर घालतात आणि तिच्यावर मला अंथरतात. मी इस्त्रीखालचं फडकं झालोय. घरात आता कोळशाची लोखंडी इस्त्री आलीय. माझ्या पाठीवर नवे शर्ट पालथे पडतात आणि ताठ होत जातात. लॉन्ड्रीतून आलेले असले तर लग्नांच्या गोष्टी सांगतात. मी ऐकतो. मग त्यांची कॉलर गरम व्हायला लागली, की खालून हळूच सांगतो: उभा राहा, पण अंगातला माणूस बसला की वाक. तो बोलायला लागला की गप्प राहा. आणि तो नसेल, तर खुर्चीवर बसू नकोस.

ऐकतात की नाही, कोण जाणे. पण इस्त्री फिरवताना चंद्रव्वाचा हात कोपराशी आला की अजून थांबतो. तळहाताएवढी जागा ती तशीच सोडते, चुरगळलेली. सून म्हणते, "अत्याबाई, इथं राहिलं."

"राहू दे," चंद्रव्वा म्हणते. "तेवढ्या जागेत शिवशरणचा हात वाकतो."